न फळणारं जायफळ

फार जुन्या काळी, समुद्राजवळच्या एका गावात दोन जावा शेजारी शेजारी नांदत होत्या. थोरलीचं नाव भागी, धाकटीचं सगुणा. सासऱ्यांनी जायफळाची बाग दोघींना निम्मी निम्मी वाटून दिली होती.

सगुणाची झाडं फळांनी लगडत. फळ उकललं की आत जायफळाला बिलगलेली लालभडक जायपत्री दिसे, आणि कुंपणापलीकडून ती बघताना भागीचा जळफळाट होई. फळं तिच्याही झाडांना येत, पण तिची नजर स्वतःच्या टोपलीवर ठरतच नसे. सगुणाने खिरीत जायफळ किसलं, की त्या वासाने भागीला जेवण जात नसे.

भागीच्या वाट्याला एक झाड असं आलं होतं, की ते फुले पण फळत नसे. वाटणीत मलाच फसवलं, असं तिने सासऱ्यांना ऐकवलं.

म्हातारा म्हणाला, "सूनबाई, तो नर आहे. त्याच्या फुलांमुळे दोन्हीकडच्या झाडांना फळ धरतं. साऱ्या बागेत तेवढा एकच आहे."

हे ऐकून भागी निवली नाही. झाड आपलं आणि टोपल्या भरतात सगुणाच्या, हा विचार तिला कुरतडू लागला. सासरे वारल्यावर तिने कुऱ्हाड घेतली. आपलीही फळं जातील, हे तिला ठाऊक होतं.

"माझी गेली तर गेली, तिची जाताना तर बघीन," असं म्हणत तिने झाड तोडलं.

पुढच्या बहरात दोन्ही बागांत फुलं आली आणि नुसतीच गळून गेली. सगुणा झाडाखाली बसून रडली. भागी त्या दिवशी पोटभर जेवली.

मग भागीची लेक बाळंतपणाला आली. तान्ह्याचं पोट बिघडलं. वैद्याने जायफळ उगाळून चाटवायला सांगितलं, पण गावाला जायफळ मिळे ते याच बागेतून. आता कुणाच्याच घरी ते उरलं नव्हतं. सगुणाच्या कानावर गेलं, तशी ती डब्याच्या तळाशी जपलेलं शेवटचं जायफळ घेऊन आली आणि स्वतःच सहाणेवर उगाळायला बसली.

भागीला ते बघवेना. "सगुणा, ते झाड मी मुद्दाम तोडलं," ती म्हणाली.

सगुणाने सहाण तिच्यापुढे सरकवली. "ठाऊक आहे मला, वहिनी. आधी बाळाला चाटवा."

बाळ बरं झालं. भागीने परगावाहून रोपं आणून लावली. पण जायफळाचं रोप नर की मादी, ते फुलल्याशिवाय कळत नाही, आणि फुलायला वर्षांमागून वर्षं जातात. भागी म्हातारी होईतो पाणी घालत राहिली, आणि तोवर दोन्ही बागा रिकाम्याच राहिल्या.

दुसऱ्याचं भलं ज्याला बघवत नाही, त्याला स्वतःचं भलंही राखता येत नाही.