वजन साखळीवर

सकाळचे पावणेसात. कासारघाटचा मठ, नवा सभामंडप. हजर माणसं तीन: मठाचे धोंडबुवा, इंजिनिअर अजिंक्य सरनोबत आणि पायरीवर बसलेला एक बातमीदार.

"पण बुवा, वजन तर साखळीवर होतं ना?" सरनोबत म्हणत होता. "मग माणूस मरायचं कारण काय?"

बुवा पंचाने खांब पुसत होते. पुसत राहिले.

खांबाशेजारी घंटा लोंबत होती. पंचधातूची, उभ्या माणसाच्या छातीएवढी. सरनोबतांच्या घराण्याने मठाला दिलेली. गेल्या महिन्यात ती साखळीने तुळईला चढवताना बाजूचा दोर निसटला आणि घंटा झुलायला लागली. ती थांबवायला मजूर नामा वडर पुढे झाला. मागे खांब होता. घंटा आणि खांब यांच्यामध्ये त्याची छाती सापडली.

तेव्हापासून घंटा त्याच साखळीला, जमिनीपासून हातभर वर तशीच आहे. आतला लोलक बुवांनी फडक्याने बांधून टाकला आहे.

चौकशी झाली. नामाने स्वतःहून हात घातला, चूक नामाची, असं ठरलं. मंडपात त्या वेळी असलेल्या सगळ्या गड्यांनी एकच जबाब दिला. सगळे गडी सरनोबतचे.

नामाचा जीव बुवांच्या मांडीवर गेला. जाताना तो काय बोलत होता, ते बुवांनी चौकशीच्या साहेबांना सांगितलं. साहेबांनी लिहून घेतलं नाही. मरणाऱ्याच्या बडबडीला वजन नसतं, म्हणाले.

"बसा की बुवा. किती पुसाल?"

"डाग आहे."

"कुठाय? मला तर दिसत नाही."

"हं."

सरनोबतने पेढ्यांचा पुडा कट्ट्यावर ठेवला. "सोमवारी लोकार्पण. मंत्री येणार आहेत. तुम्ही फक्त दोन शब्द बोला. झालं ते नामाच्या हातून झालं, देव त्याला क्षमा करो, एवढंच. तुमच्या तोंडून आलं की गाव गप्प बसेल."

"गाव गप्पच आहे."

"तसं नाही हो..."

"नामाच्या सोनाबाईशी मात्र बोलतं. नळावर बायका तिला म्हणतात, तुझ्या नवऱ्याच्या अडाणीपणाने देवाची घंटा बाटली. परवा तिची कळशी बाजूला सारली."

सरनोबत हसला. "बुवा, वर आमचं थोडं वजन आहे म्हणून मठाचं नाव कुठे आलं नाही. नाहीतर हे आहेतच." त्याने पायरीकडे मान उडवली. "यांना तुम्ही चहा पाजता, आणि आम्हाला प्रश्न."

"तुला पण देतो चहा. साखर कमी की बंद?"

"बुवा, मी गंभीरपणे बोलतोय."

"बरं. वजन कशावर अवलंबून असतं?"

सरनोबतला आधी कळलं नाही. बुवा मठात येण्याआधी तालुक्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत. सरनोबत त्यांच्याच वर्गातला, पहिल्या बाकावरचा.

"जागेवर," तो म्हणाला. "चंद्रावर वजन सहावा हिस्सा. वस्तुमान मात्र जिथे न्याल तिथे तेवढंच."

"पाठ आहे अजून."

"तुमचाच विद्यार्थी."

"पैकीच्या पैकी दिले होते मी तुला या उत्तराला."

"आठवतंय ना!"

"आठवतंय." बुवांनी पंचा झटकला, खांद्यावर टाकला. "द्यायला नको होते..."

बाहेर पायरीवर चिमण्या भांडत होत्या.

बुवा घंटेजवळ गेले. हडकुळा म्हातारा, घंटेपुढे मूल दिसावं असा. त्यांनी घंटेला तळवा लावला आणि ढकललं. काही झालं नाही. पुन्हा ढकललं. साखळी कुरकुरली. घंटा बोटभर गेली, बोटभर आली. आली की बुवा ढकलत. पाळण्याला झोका देतात तसं, घाई न करता.

"बुवा, काय करताय? पडाल."

बुवा ढकलत राहिले. वीतभर. हातभर. लोलक बांधलेला, त्यामुळे आवाज नाही. नुसता वारा अंगावर येत होता आणि जात होता.

मग बुवा बाजूला झाले.

"अजिंक्य, तिथे उभा राहा."

"कुठे?"

"खांबापुढे. आणि थांबव तिला."

"आपोआप थांबेल की."

"वजन पेलायचं नाहीये तुला. ते साखळीवर आहे. तू नुसती धर."

सरनोबत हसतच पुढे झाला. बातमीदाराकडे बघून त्याने बाह्या सारल्या, दोन्ही हात पुढे केले. घंटा लांब गेली. परत निघाली.

तो एक पाऊल मागे सरकला. मग आणखी एक. पाठ खांबाला टेकली.

त्याचे हात खाली आले. अंग चोरून तो बाजूला निसटला, कट्ट्याला आपटला, पेढ्यांचा पुडा खाली पडला. घंटा खांबापासून बोटभर अंतरावर येऊन मागे फिरली.

"का रे सरलास?" बुवांनी विचारलं. आवाज वर्गातला होता.

"सर..." इतका वेळ तो बुवा म्हणत होता. "सर, ती थांबली नसती."

"का?"

"वस्तुमान... वजन साखळीने घेतलं तरी वस्तुमान तेवढंच राहतं. हलत्याला थांबवायचं तर..." त्याने कपाळ पुसलं.

"आता आलं उत्तर," बुवा म्हणाले.

ते वाकून मातीतले पेढे एकेक करून उचलू लागले. सरनोबत उभाच. घंटा अजून झुलत होती, झोका थोडा थोडा कमी होत होता.

"सर, मी त्याला काही बोललो नव्हतो. जबाब आहेत सगळ्यांचे. त्याचा तोच गेला पुढे."

"असेल."

"खरंच सर."

बुवांनी पुडा नीट बांधला आणि त्याच्या हातात दिला. मग घंटेकडे बघत राहिले.

"नामा वाळू वाहायला आला होता, अजिंक्य. शाळेचं तोंड त्याने पाहिलं नव्हतं, साखळीला त्या दिवसाआधी कधी हात लावला नव्हता. माझ्या मांडीवर तो शेवटपर्यंत एकच वाक्य घोकत होता, वजन साखळीवर आहे, वजन साखळीवर आहे... हा धडा त्याला कुणी शिकवला?"