अडीचच्या वरचे थोडे

एका नदीकाठच्या गावात एक वृद्ध मिस्त्री राहत असत. पंचक्रोशीतील कित्येक देवळे आणि शाळा त्यांच्या हातून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी दिलेले माप कोणी पुन्हा मोजून पाहत नसे. इंदुमती नावाची त्यांची शिष्या सहा वर्षे त्यांच्याकडे शिकत होती.

गावातून पलीकडच्या दवाखान्यात जायला नावेखेरीज मार्ग नव्हता. एका व्यापाऱ्याने दिवंगत आईच्या स्मरणार्थ पायी जाण्यापुरता पूल बांधून देण्याचे ठरवले. दोन्ही काठांवर दगडी खांब उभे राहिले. मिस्त्रींनी सवयीप्रमाणे फुटांत माप घेतले : लोखंडी तुळई शंभर फूट हवी, म्हणजे ती दोन्ही खांबांवर नऊ-नऊ इंच टेकेल. कारखाना मात्र मीटरमध्ये माल देई. एक इंच म्हणजे अडीच सेंटिमीटर, असा तोंडी हिशोब करून मिस्त्रींनी तीस मीटर सांगितले. तेवढी तुळई कारखान्यात तयारच होती. आईच्या वर्षश्राद्धाला पूल खुला होणार, म्हणून व्यापाऱ्याला समाधान वाटले.

मागणीपत्रावर मिस्त्रींच्या आणि इंदुमतीच्या सह्या व्हायच्या होत्या, म्हणून गाव चावडीत जमले. इंदुमतीने कागद वाचला आणि लेखणी खाली ठेवली. इंच म्हणजे अडीच नव्हे, दोन पूर्णांक चौपन्न शतांश सेंटिमीटर, असे तिने सांगितले. तुळई तीस मीटर अठ्ठेचाळीस सेंटिमीटर हवी. लोक हसले. मुंगीच्या मिशीएवढ्या फरकासाठी पूल अडवायचा का, असे कोणी विचारले. नवी तुळई घडवायला तीन महिने लागतील, आणि चारचौघांत गुरूची चूक काढणे शोभत नाही, असे व्यापारी शांतपणे म्हणाला.

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "इंदुमती, पन्नास वर्षे मी अडीचच धरत आलो. सही कर."

ज्यांच्यापुढे तिने कधी मान वर केली नव्हती, त्यांच्याकडे तिने थेट पाहिले.

"गुरुजी, तुमची आज्ञा आजवर मोडली नाही. आज मोडते. या कागदावर माझी सही होणार नाही."

मिस्त्रींनी छापखान्यातून लग्नपत्रिकांचे कोरे पुठ्ठे मागवले. कोणालाच काही उमगेना. आपल्या बोलण्याने गुरुजींचे चित्त भ्रमले की काय, अशी धास्ती इंदुमतीला वाटली. त्यांनी एका पुठ्ठ्याची जाडी मोजली : मिलिमीटरचे चार दशांश. एका इंचामागे आपण एवढेच सोडले, असे म्हणून ते जमिनीवर बसले आणि शंभर फुटांचे बाराशे इंच, म्हणून बाराशे पुठ्ठे मोठ्याने मोजत एकावर एक रचू लागले. शंभरापर्यंत लोक हसत होते. सहाशेनंतर कोणी हसले नाही. चळत त्यांच्या छातीला लागली. त्यांनी टेप लावली : अठ्ठेचाळीस सेंटिमीटर.

"शेठजी, दोन्ही खांबांवर मिळून टेकायला अठरा इंच होते. ही चळत त्याहून उंच आहे. तुमची तुळई खांबांच्या मधून सरळ पाण्यात जाईल. दारांखिडक्यांत माझी चूक पाचर ठोकून झाकली गेली, म्हणून मी तिला ज्ञान समजत होतो. नदी ना माझे वय बघते, ना तुमचे दान."

व्यापारी संतापला. असा अपमान होणार असेल तर दान दुसऱ्या गावी देईन, असे तो म्हणाला.

"द्या," मिस्त्री म्हणाले. "आम्ही नावेने जाऊ."

इंदुमतीने वाकून क्षमा मागितली. त्यांनी तिला अर्ध्यावरच थांबवले. "जे गुरूच्या धाकाने वाकते, ते माप नव्हे. फरक कागदाएवढा असतो तेव्हा 'नाही' म्हणणारा एकटाच असतो, आणि त्याला सगळे हसतात. फरक छातीएवढा झाला की सगळा गाव 'नाही' म्हणतो. पण तोवर तुळई पाण्यात गेलेली असते."

व्यापारी दारापर्यंत जाऊन थांबला. त्या चळतीकडे तो कितीतरी वेळ पाहत राहिला. मग परत येऊन त्याने स्वतःच्या हाताने कागदावरचा आकडा खोडला. मिस्त्रींपुढे लेखणी आली, तेव्हा त्यांनी ती शिष्येकडे सरकवली. वर्षश्राद्ध पुलाविना झाले. तीन महिन्यांनी तुळई आली आणि दोन्ही काठांवर नऊ-नऊ इंच टेकली.

जिथे सगळे 'एवढेसेच तर आहे' म्हणतात, तिथेच आपण पाय रोवून उभे राहावे.