उडायला शिकवणारा बांगडा

एका गावात एक भोळा रापणकर होता, धाकू नावाचा. दर्यातून जाळं ओढायला पक्का. पण डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावायची, तीही दाटीवाटीनं.

एकदा त्याला वाळूत सुरयीचं पिल्लू दिसलं. सुरय म्हणजे दर्यावरचा पांढरा पक्षी. पिल्लू अगदी काडी. आईबाप मासे आणायचे, पण पुरत नव्हते. धाकूला कळवळा आला. बायको गंगू म्हणाली, "चोच उघडली की घाला एखादी मासळी."

पिल्लानं चोच उघडली. धाकूनं मासळी घातली. पुन्हा उघडली, पुन्हा घातली. चोच काही मिटेना. होता होता पिल्लाचा नारळ झाला. आईबापांनी पाहिलं, आयता वाढपी मिळालाय. त्यांनी मासे आणणंच सोडलं. बाकीची पिल्लं उडू लागली, हे बसल्या जागी चोच वासून.

"अहो, थवा आता जाईल!" गंगू ओरडली. "हे मागं राहिलं तर कावळे फाडतील. उघडलेलं प्रत्येक तोंड भरायचं नसतं! घास लांब धरा, उडून आलं तरच द्या."

"बरं."

दुपारी गंगूचा भाऊ जेवायला आला. धाकू ताट घेऊन माडावर चढला.

"भावोजी, हे काय?"

"उडून या."

भाऊ उपाशीच गेला. गंगूनं कपाळ बडवलं. "जेवायला आलेल्याला पाटावर बसवायचं! नको म्हटलं तरी आग्रह करायचा!"

"बरं."

संध्याकाळी धाकूनं पिल्लाला पाटावर बसवलं. भोवती रांगोळी काढली. पिल्लानं मान फिरवली. "माझी शपथ आहे, एवढी एकच!" पिल्लू पाटावरच कलंडलं.

"आता हातच लावू नका त्याला!" गंगू म्हणाली.

धाकूनं हात मागं बांधले. पिल्लू सुकलं, ओरडलं. मग त्याची आई चोचीत मासा धरून आली आणि लांब खडकावर बसली. जवळ काही येईना. पिल्लू फडफडलं, पडलं, परत फडफडलं, आणि उडालं! थव्याबरोबर गेलंसुद्धा. धाकू ढसाढसा रडला. "असं शिकवायचं असतं होय!"

दुसऱ्या दिवशी गंगू मासळी विकायला गेली. तान्ही पोर पाळण्यात, दूध वाटीत. परत येते तर पोर अंगणात उताणी, टाहो फोडतेय; आणि नवरा कौलांवर उकिडवा, दातांत बांगडा.

"अहो, हे काय चाललंय?"

दातांत बांगडा, बोलणार कसा? त्यानं नुसतं खाली बोट दाखवलं: बघ, जमतंय तिला.

ती पोर म्हणजे मी. आणि खोटं कशाला बोलू, फडफडत होते मी. अजूनही बांगड्याचा वास आला की आधी माझे हात हलतात, मग पाय.