पुसलेली पाटी

स्मार्टफोन नुकते माणसांच्या खिशात राहायला आले होते, तेव्हाची गोष्ट. एका मोबाईलच्या तळघरात सी या संगणकाच्या भाषेत लिहिलेली एक लायब्ररी, म्हणजे सगळ्या ॲपच्या उपयोगी पडणारा तयार प्रोग्रॅम, राहत असे. वरच्या ॲपना ती कामापुरत्या मेमरीच्या पाट्या द्यायची आणि काम झालं की परत घ्यायची.

एकदा बँकेच्या ॲपने परत केलेल्या पाटीवरचा गुप्त आकडा खेळाच्या एका भामट्या ॲपने वाचला. त्या दिवसापासून परत आलेली प्रत्येक पाटी लायब्ररी लगेच पुसू लागली.

दुसऱ्याच सकाळी पंचांगाचं ॲप आदळआपट करत खाली आलं. "लायब्ररीबाई, माझी तिथी कुणी पुसली? आज एकादशी की दशमी, कसं सांगू? माझं पान कोरं!"

"पाटी तर तू काल परत केली होतीस ना?"

"केली होती. पण तिच्यावर लिहून ठेवलेली पुढची तिथी नंतरही डोकावून वाचायची, ही माझी पहिल्या दिवसापासूनची रीत आहे!"

वरून बाकीची ॲपही ओरडली, "सुधारणेच्या नावाखाली चालत्या गाडीला खीळ घातली!"

चूक पंचांगाचीच होती. पण मोबाईलची मालकीण तेच पंचांग पाहून उपास धरायची; तिचा काय दोष? लायब्ररीने एक पाटी पंचांगापुरती वेगळी काढली आणि न पुसता अशा जागी ठेवली, की दुसऱ्या कुणाची नजर पोचू नये.

दुसऱ्या दिवशी तिथी बिनचूक आली. पंचांग सगळ्यांना सांगत सुटलं, "बघितलंत? चार शब्द सुनावले, तेव्हा कुठे सुधारली!"

खाली लायब्ररीने बँकेची परत आलेली पाटी घेतली, दोनदा पुसली आणि कोऱ्या पाट्यांच्या ढिगावर ठेवली.