अकराव्या गाडीची जागा

माणसं पहारीनं घाट फोडत होती, त्या जुन्या काळची ही गोष्ट. एका अरुंद घाटाच्या पायथ्याशी येसबा नावाचा नाकेदार होता. वर जाणाऱ्या बैलगाड्या तोच सोडायचा. नियम वाडवडिलांचा: दहा गाड्या सोडायच्या, मग अकराव्या गाडीची जागा मोकळी ठेवायची. लोक तिला देवाची जागा म्हणत. ती कशासाठी, हे कुणी विचारलं नाही. येसबानंही नाही!

त्या दिवशी वरच्या गावी बाजार होता. नाक्यावर गाड्यांची ही भलीमोठी रांग! आणि नेमक्या पहाटेच येसबाच्या लेकीला, गोजराला, कळा सुरू झाल्या. पोर आडवं आलं होतं. अशी अडलेली बाई सोडवणारी सुईण एकच, ती वरच्या गावात. गोजराची गाडी रांगेत चाळिसावी. ती पुढं काढायला वाटच नव्हती.

"नाकेदार, देव काय गाडीत बसून येतोय होय?" एक व्यापारी खेकसला. "भरा की त्या जागा!"

येसबाच्या कानावर लेकीचं कण्हणं येत होतं. जागा भरल्या तर ती तेवढीच लवकर पोचेल, असं त्या बापाला वाटलं.

"चला, सोडा सगळ्या!" तो ओरडला. गाडीला गाडी खेटून चढू लागली.

अर्ध्या घाटात एका गाडीचं चाक निखळलं. अहो, चाकं तर रोजच निखळायची! पण रोज मागच्या गाड्या मोकळ्या जागेत चार पावलं मागं सरायच्या. माणसं मधे शिरून गाडी उचलायची, चाक बसवायची. घटकाभरात रांग हलायची, म्हणून खाली कुणाला पत्ताही लागत नसे. आज मागच्या बैलांची तोंडं मोडक्या गाडीला टेकली होती. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. मधे शिरायचं कुणी आणि कुठून?

येसबा गाड्यांवरून चढत-उतरत लेकीपाशी पोचला.

"बाबा, गाडी का थांबली?" गोजरानं विचारलं.

तो तसाच खाली धावला, गाड्या मागं घ्यायला लावू लागला. शेवटच्या गाडीपासून एकेक मागं घेता घेता दिवस कलला. पोर जन्मलं, ते रडलंच नाही. रांग हलायच्या आधी गोजराही गेली.

दुसऱ्या दिवशी येसबा नाक्यावर उभा राहिला. दहा गाड्या सोडल्या आणि काठी आडवी धरली.

"ही जागा कुणाची?" नव्या गाडीवानानं विचारलं.

"माझ्या गोजराची," येसबा म्हणाला.

म्हणून सांगतो, अडचणीसाठी राखलेली जागा घाईला देऊ नये.