झारुहीचं लोकरीचं आसन

एक होता राजा. कुठला म्हणाल, तर लांबच्या आर्मेनियाचा. सगळा डोंगराळ मुलूख, बरं का, आणि हिवाळ्यात बर्फ इतकं की दार उघडायच्या आधी फावडं शोधावं लागे. राजाचं घोडदळ मोठं नावाजलेलं. स्वाराच्या अंगावर चिलखत आणि घोड्याच्या अंगावर पाखर. पाखर म्हणजे घोड्याचं चिलखतच.

हे घोडेस्वार आणायचे सरदार. प्रत्येक घराण्याला राजासमोर बसायला एक आसन होतं, जाडजूड, लोकर भरलेलं. कोणाचं राजाजवळ, कोणाचं दाराशी, यावरून मोठमोठी माणसं पोरांसारखी भांडायची. लढाईला निघाली तरी आसनं बरोबर. कारण रीतच तशी होती. मोहीम संपली की राजासमोर आसन मांडायचं. ज्याचं आसन मांडलं गेलं नाही, त्याचं घराणं बुडालं आणि त्याचं खोरं राजाकडे गेलं.

आता झारुहीचं ऐका. तिचे वडील सरदार होते, ते त्याच वर्षी वारले. भाऊ नव्हता. राहिलं काय, तर वडिलांचं चिलखत, त्यांची म्हातारी घोडी आणि दाराशी मांडायचं आसन. वडील बसून बसून त्याला खळगा पडला होता. झारुही त्यावर हात ठेवून बसायची. तिला वडिलांची फार आठवण येई.

मग काय झालं, शत्रूनं खिंडीपलीकडच्या किल्ल्याला वेढा घातला. आत राजाची आई. राजानं सगळ्यांना बोलावलं. झारुहीनं चिलखत चढवलं, आसन घोडीवर बांधलं आणि गेली.

राजाजवळच्या पहिल्या आसनाचे सरदार होते साहाक. ते हसून म्हणाले, "घरात स्वार मिळाला नाही का, बाई?"

"मीच आहे," झारुही म्हणाली.

राजाचं लक्ष खिंडीकडे होतं.

पहिला मान साहाकांचा. ते पुढे गेले. लोखंडाखाली वाकलेले घोडे खिंडीतल्या बर्फात पोटापर्यंत रुतले. मग दुसऱ्या आसनाचे सरदार गेले, तेही रुतले. त्यांना ओढून काढता काढता सगळ्यांना घाम फुटला. तिसरं कोण? जो तो दुसऱ्याच्या मागे सरकला. मग झारुही पुढे झाली. खोरं राखायचं होतं, मागे राहून चालणार नव्हतं.

घोडी रुतली. आणि मग घोडी बोलली. हसू नका, त्या मुलखातल्या घोड्या बोलत, पण नडलेल्याशीच.

"माझी पाखर काढ," घोडी म्हणाली. झारुहीनं काढली. चार पावलं गेली, पुन्हा रुतली.

"तुझं चिलखत काढ." तिनं तेही काढलं. थोडं पुढे गेली, पुन्हा रुतली.

"आता आसन फाड आणि माझ्या पायांना बांध. तुमचे जुने लोक बर्फात असंच करत. आसनांचा मान आला आणि विसरले."

"आसन गेलं तर घर गेलं गं," झारुही म्हणाली. मग झारुही रडली. रडत रडतच तिनं सुरी काढली आणि वडिलांचा तो खळगा मधोमध कापला. चारी खुरांना लोकरीच्या पिशव्या बांधल्या. आणि घोडी बर्फावरून चालू लागली, पीठ सांडलेल्या ओट्यावरून मांजर जाते तशी.

राजानं पाहिलं. आधी स्वतःचं आसन फाडलं. मग एकेकानं फाडलं, तोंड वाकडं करत का होईना. साहाक मात्र आपल्या आसनावर जाऊन बसले. म्हणाले, "सात पिढ्यांचा मान घोड्याच्या पायाला बांधू?" त्यांना तिथेच सोडून सगळे निघाले.

पिशव्यांमुळे टापांचा आवाज येईना. शत्रूनं मान वर केली, तर डोंगरावरून घोडे उतरताहेत, रुतत नाहीत, वाजत नाहीत. हे काही जिवंत घोडे नव्हेत, असं त्यांना वाटलं, आणि ते तंबू टाकून पळाले. लढाई झालीच नाही.

किल्ल्यात जेवणं मांडली. पण सगळे उभेच. आसन कोणाकडे होतं? झारुही खाली मान घालून म्हणाली, "महाराज, माझं खोरं घ्या. रीत आहे."

राजा म्हणाला, "रीतीनं पाहिलं तर माझंही राज्य गेलं, पोरी. आसन एकट्या साहाकांकडे आहे. आजपासून राजे ते."

तेव्हा राजाची आई म्हणाली, "मग बोलवा ना त्याला. येऊ दे बर्फातून चालत. तोवर तुम्ही बसा, सूप निवतंय."

सगळे खाली बसले, जागा मिळेल तिथे. झारुही राजाच्या आईशेजारी बसली. ती रीत तिथेच मोडली, आणि तिचं खोरं तिच्याकडे राहिलं. वडिलांचं आसन गेलं, त्याचं तिला पुढेही कधीकधी वाईट वाटे. पण ती सुखात राहिली आणि घोडीही.

साहाक आले बर्फ वितळल्यावर, आसन काखेत धरून. ते कुठे मांडायचं, हे त्यांना कोणीच सांगितलं नाही.

झालं. आता तुमची जागा तुम्हाला ठाऊक आहे. पाय पांघरुणात घ्या आणि डोळे मिटा.