काथ्याचा दोर आणि ट्रॅक्टरचा आकडा

फार वर्षांमागे एका बंदरावर नवा ट्रॅक्टर आला. त्याच्या मागच्या लोखंडी आकड्याने चार ट्रॉलर वाळूवर ओढून काढले आणि तो अगदी फुगून गेला. बाजूला पडलेल्या काथ्याच्या दोराला जुने दिवस आठवले. तेव्हा हसुराम तांडेल त्याला आधी समुद्रात भिजवायचे, मग होडीच्या पोटाभोवती फिरवायचे.

इतक्यात हसुरामांना घेऊन तीच जुनी होडी किनाऱ्याला लागली. "आजोबा, तुम्ही पडून राहा," असं दोराला म्हणत आकडा तिच्या टोकाच्या कडीत अडकला. ट्रॅक्टर हलताच फळी करकरली.

"थांबव रे! हिला पोटाशी धरायचं असतं," हसुराम ओरडले. त्यांनी दोर भिजवला, होडीभोवती फिरवला आणि टोकं आकड्याला बांधली. होडी अलगद वर आली.

"आजोबा, एवढी वर्षं हिला एकट्याने ओढलंत?" आकड्याने विचारलं.

"ओढायचा सगळा कोळीवाडा," दोर म्हणाला. "मी नुसता तिला धरून असायचो."